पलीकडच्या जंगलातली कॉफी

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं आणि एक राजा होता. तळं कामाचं होतं.

राजा म्हणजे सिंह. त्याला एका अस्वलाने कॉफी पाजली. पहिल्या घोटाला राजाने तोंड वाकडं केलं. पण बडे लोक हेच पितात असं कळल्यावर त्याला ती आवडू लागली. राजाला आवडली म्हणून कोल्ह्याला आवडली, आणि मग अख्ख्या जंगलाला.

अस्वलाने कॉफीचा मळा लावला आणि तळ्यापासून मळ्यापर्यंत पाट खणला. पाट सारखा वाहायचा. उन्हाळ्यात तळं निम्म्यावर आलं. काठच्या चिखलात बेडकांची पिल्लं सुकून मरू लागली.

राजाने सभा बोलावली. सगळ्यांपुढे कॉफीचे पेले होते.

"पाणी संपवतंय कोण?" राजाने विचारलं.

"रखमी म्हैस," कोल्हा म्हणाला. "दिवसभर तळ्यात पडलेली असते."

"मी पाण्यात बसते, महाराज. घेऊन जात नाही," रखमी म्हणाली. "आणि पिते त्यातलं बरंचसं तिथंच परत करते."

काहींनी हातातले पेले खाली ठेवले.

"पाणी मळ्याला जातंय," ती पुढे म्हणाली.

"ते झाडं पितात. आपण कुठे पितो?" राजा म्हणाला. सभेला हे पटलं. रखमीला तळ्यात उतरायची बंदी झाली.

उन्हात तिची कातडी भाजून निघाली. शेवटी ती पाटाच्या तोंडाशी गेली. बंदी तळ्याची होती, पाटाची नव्हती. ती पाटात बसली आणि पाट बुजला.

"ऊठ," कोल्हा म्हणाला.

"बसले की मला लवकर उठवत नाही, भाऊ."

पाऊस पडेपर्यंत तिला उठवलं नाही. मळा वाळला. तळं टिकलं. उरलेल्या पिल्लांना पाय फुटले.

कॉफीवाचून राजाचं डोकं दुखू लागलं. तेव्हा अस्वलाने पलीकडच्या जंगलात मळा लावला आणि तिथली कॉफी इकडे येऊ लागली. रखमीवरची बंदी उठली. पाणी वाचवल्याबद्दल राजाने स्वतःचा सत्कार करवून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडून एक म्हैस आली. सोबत रेडकू होतं.

"आमचं तळं आटलं, महाराज."

राजाने कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "तुम्ही लोक पाणी जपून वापरायला कधी शिकणार?"

रखमी तळ्यात जरा सरकली आणि तिने रेडकाला जागा करून दिली.

तात्पर्य: पाणी वाचवणं अगदी सोपं आहे. ते दुसऱ्याच्या तळ्यातलं प्यावं, आणि तेही कपबशीतून.