हुंदडण्याचा क्लास

एका जंगलात (पुस्तक नाकाला चिकटवू नका बाळांनो, जरा लांब धरा) वत्सला नावाची वानरीण राहत होती. झाडाच्या शेंड्यावर बसून वाघ येतोय का ते पाहायचं, हे काम तिच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. पुढे ते तिच्या मुलाकडे, हर्षलकडे यायचं होतं.

म्हणून वत्सलेने त्याला ढोलीत बसवून अभ्यासाला जुंपलं. बाहेर पोरगा पडला-झडला तर? वाघाच्या सवयी, वाघाचा आहार, वाघाचं शास्त्रीय नाव, सगळं हर्षलला तोंडपाठ झालं.

एके दिवशी त्याने वारुळाला वाकून नमस्कार केला. "मामा, कधी आलात?"

वत्सलेने त्याला तसंच उचललं. तिने त्याला डॉक्टर ससाण्यांकडे नेलं.

"चष्मा लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि रोज दोन तास उन्हात हुंदडू द्या. नंबर भराभर वाढायचा नाही."

"हुंदडण्याचा क्लास कुठे असतो?"

"क्लास कसला, बाई? नुसतं सोडून द्यायचं."

"नुसतं सोडलं की मुलं माकडं होतात, डॉक्टर!"

मागणी तसा पुरवठा. कोल्हेसरांनी लगेच हुंदडण्याचा क्लास काढला. बाहेर ऊन फार, म्हणून गुहेत. लगोरीचा इतिहास, सूरपारंबीचे नियम, झाडावर चढण्याच्या पायऱ्या, आणि दर आठवड्याला चाचणी. हर्षल पहिला आला. चष्म्याच्या काचाही जाड झाल्या होत्या, पण वत्सलेला त्यांचंही कौतुकच.

सत्कार झाडाखाली मोकळ्यावर ठरला. टेहळणीचा मानही त्याच दिवशी हर्षलला मिळाला.

"बघ रे, कोण येतंय?" वत्सलेने कौतुकाने विचारलं.

"पाहुणे येताहेत, आई. झेंडूचा केवढा मोठा हार आणलाय!"

हार गुरगुरला.

सगळी टोळी सरसर झाडावर चढली. हर्षल मात्र हाताची घडी घालून म्हणू लागला, "पहिली पायरी. खोडाचे निरीक्षण करावे. दुसरी पायरी..."

मार्क, मान, सत्कार, वत्सलेला काही काही आठवेना.

"मेल्या, पळ!" ती किंचाळली.

हर्षल पळाला. धडपडला, खरचटला, चढला आणि या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत सुटला. खालून धावून धावून वाघ थकला आणि नाद सोडून निघून गेला.

शेंड्यावर हर्षल धापा टाकत होता आणि हसत होता.

"आई, ते लांब निळं निळं काय गं?"

"डोंगर, राजा." वत्सलेला रडूच फुटलं. पोराने डोंगर आजवर पुस्तकातच पाहिला होता. आपलं कुठे चुकलं ते तिला लख्ख कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वाघाच्या गुहेशी गेली आणि बाहेरूनच तिने हाक मारली, "अहो वाघसर, तुमची सकाळची बॅच असते का?"

"असते ना," आतून आवाज आला. "डबा देऊ नका हं. जेवणाचं इथेच होतं."

तात्पर्य : मुलांना मोकळं सोडणं फार धोक्याचं. त्यापेक्षा वाघाकडे सोपवावं. निदान हजेरी तरी लागते.