अक्रोडाबद्दल तक्रार नाही

हे मी लिहिणारच नव्हतो. यात मी हरलोय, आणि हरलेलं कोण सांगत बसतं? पण गावभर झालंच आहे, तर निदान नीट तरी कळू दे.

माझा मित्र पंप. सायकलचं दुकान आहे, म्हणून पंप. हवा कोरडी झाली, सकाळी स्वेटर शोधावा लागला, आणि मी त्याच्याकडे जाऊन थंडीच्या नावाने बोटं मोडायला लागलो. तो वैतागला.

"तू हवा भरायला येतोस की डोक्यातली काढायला? थंडी पुरती पडेपर्यंत एक तक्रार करायची नाही. जमेल?"

"त्यात काय!"

"हरलास तर हिवाळाभर माझं दुकान झाडायचं."

लावली पैज.

आता आमच्या शेजारी गवंडी काका राहतात. त्यांच्या अंगणात अक्रोडाचं झाड आहे, पण ते वाकलंय आमच्याकडे. पानगळ आली की पानं आमच्या अंगणात आणि अक्रोड आमच्या पत्र्यावर. ठण्! दर वर्षी मी भिंतीशी जाऊन ओरडतो, "काका, तुमचं झाड!" ते ओरडतात, "पानं काय मी पाडतो?" मग दोघंही आपापल्या कामाला. तसं झाड माझं लाडकं आहे. माझ्या खिडकीत दुसरं आहे काय? आत्ता तर नुसतं पिवळंधमक झालं होतं.

यंदा पहिली पानं पडली तसे काका भिंतीपाशी येऊन खाकरले. मी म्हणालो, "छान दिसतंय हो झाड."

काकांचा चेहराच पडला.

घरात वेगळीच तऱ्हा. जेवताना आई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"भाजी कशी झालीये?"

"मस्त."

"मीठ घातलेलंच नाही मी. मुद्दाम." तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता, म्हणून ताईला फोन लावला. ताई थेट मला म्हणाली, "कोण आहे ती?"

संध्याकाळी काका आईला हळूच विचारत होते, "वहिनी, पोरगा वकिलाकडे गेला होता का हो?"

"काय माहीत! काही बोलतच नाही तो."

झालं. दुसऱ्या दिवशी काका आमच्या अंगणात पानं गोळा करताना दिसले. पत्र्यावर पोती टाकलेली, आवाज होऊ नये म्हणून. मी म्हणालो, "काका, कशाला त्रास घेता? राहू द्या की."

"राहू द्या म्हणजे? पुरावा म्हणून का रे?" म्हणत काका घाईघाईने निघून गेले.

आणि परवा सकाळी करवतीच्या आवाजाने मला जाग आली. खिडकीतून बघतो तर झाडावर लाकूडतोड्या! मी अनवाणी धावलो. पंपही तिथेच होता. काकांची सायकल द्यायला आलेला.

"काका, झाड तोडू नका!"

"तोडतो बाबा. या वयात मला कोर्टकचेरी नको. तुला त्रास होतो ना?"

"अजिबात नाही!"

"बघ! असं शांत बोलतोस, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. हां, चालव रे तू."

करवत पुन्हा चालू लागली. एक फांदी खाली आली, पिवळीच्या पिवळी. मी पंपकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता.

"होतो त्रास!" मी बोंबललो. "पानांचा होतो! अक्रोड पत्र्यावर पडतात, झोप मोडते! तुमच्या खाकरण्याचा होतो! आमची शिडी नेलीत ती परत केली नाहीत! मीठ नसलेली भाजी खातोय मी! आणि झाड तोडलंत तर रोज भिंतीवर चढून ओरडेन!"

काकांचा चेहरा हळूहळू उजळला. छाती फुगवून ते गरजले, "पानं काय मी पाडतो?"

"मग कोण, मी?"

"वहिनी," काका आनंदाने ओरडले, "पोरगा बरा झाला हो!"

लाकूडतोड्या वरून म्हणाला, "मग तोडायचं की नाही?"

"नाही!" आम्ही दोघं एकदम.

तो कुरकुरत उतरला. आमच्याच शिडीवरून.

पंपने माझ्या खांद्यावर हात टाकला. "हरलास."

"माहितीये. येतो उद्यापासून. हिवाळाभर तुझं दुकान झाडीन, शब्द दिला."

"तोंड बंद ठेवून?"

"तो शब्द नाही देणार."