मंजूर थरथर

जुन्या बाजारपेठेतील सर्व दुकानांच्या पाट्या सहा महिन्यांच्या आत हाताने रंगवून घ्याव्यात, असा ठराव नगरपालिकेने एकमताने संमत केला. रस्त्याचे जुने रूप परत आणणे, हा त्यामागील उद्देश होता. पंधरा वर्षांपूर्वी छापील फलकांची सक्ती करून ते रूप नगरपालिकेनेच घालवले होते. परंतु त्या ठरावाची फाइल वेगळी होती.

बातमी वाचताच पाट्या रंगवणाऱ्या ओळंब्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले. पट्टी न लावता तो चार फुटांची उभी रेघ ओढी आणि ती केसभरही ढळत नसे, म्हणून भिंतीचा सरळपणा दोरीच्या ओळंब्याने तपासणाऱ्या गवंड्यांनीच त्याला हे नाव दिले होते. गेली पंधरा वर्षे मात्र त्याच्या ब्रशाला ‘येथे वाहने उभी करू नयेत’ एवढे एकच वाक्य मिळत आले होते.

“बासष्ट दुकानं!” तो बायकोला म्हणाला. “हात आखडायच्या आत एकदा पोटभर अक्षरं काढून घेतो बघ.”

“काढा की. पण आधी तो ठराव खालपर्यंत वाचा. गोड बातमीचं शेपूट नेहमी कडू असतं.”

शेपटात कलम सात होते. पाटी रंगवणाऱ्याकडे हस्तनिर्मिती प्रमाणपत्र असणे बंधनकारक होते. त्यासाठी कामाच्या नमुन्याचे छायाचित्र कार्यालयातील तपासणी यंत्राला दाखवायचे होते. ओळंब्याने आपली सर्वोत्तम पाटी दाखवली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि अहवाल दिला: अठ्ठ्याण्णव टक्के यंत्रनिर्मित.

“काका, अक्षर फार सुबक आहे हो,” यंत्राशेजारी बसलेले साहेब खेदाने म्हणाले.

“चाळीस वर्षं हात घासलाय, साहेब.”

“तोच तर आक्षेप आहे. माणसाच्या हाताला थरथर असते. नियमाप्रमाणे फुटामागे दोन ते तीन मिलिमीटर. तुमची थरथर निरंक आहे.”

“ब्रश आणलाय बरोबर. इथंच काढून दाखवतो, तुमच्या डोळ्यांदेखत.”

“डोळ्यांनी पाहण्याची तरतूद नाही,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी सौजन्याने खिडकीबाहेर पाहिले.

तथापि कार्यालय निर्दय नव्हते. अशा अर्जदारांसाठी त्याने ‘मंजूर थरथर’ हा पाच दिवसांचा अभ्यासक्रम चालवला होता. शिक्षक छापील फलकांच्या कारखान्यातून आला होता. त्याने जन्मात ब्रश धरला नव्हता. त्यामुळे विषयावर त्याचे असामान्य प्रभुत्व होते. ओळंबा पाचही दिवस पहिल्या बाकावर बसला. शेवटी त्याने हिशेब मांडून नवा नमुना केला: प्रत्येक अक्षर अडीच मिलिमीटर सरकलेले, एक वर, एक खाली, एक वर, एक खाली.

यंत्राने या वेळी विचारही केला नाही. थरथर नियमित असल्याने नमुना शंभर टक्के यंत्रनिर्मित ठरला.

“जन्मभर घरात विनासायास चुका करत आलात,” बायको म्हणाली, “आणि सरकारनं मागितली तर एक धड जमू नये?”

“अगं, हात ऐकतच नाही. वाकडं जायला लागला की आपोआप सरळ होतो.”

शुल्क एकदम तीन अर्जांचे घेतले जाई आणि परत मिळत नसे, त्यामुळे एक कोरा अर्ज शिल्लक होता. तो वाया जाऊ नये म्हणून बायकोने स्वयंपाकघरातील डब्याच्या झाकणावर, एका हाताने कढई सावरत, ‘मीठ’ असे रंगवले आणि त्याचे छायाचित्र पाठवून दिले. आठवड्याने उत्तर आले. नमुना अस्सल असून अर्जदार महिलेचा समावेश उत्कृष्ट श्रेणीत करण्यात आला होता.

प्रमाणपत्र घ्यायला दोघे गेले, तेव्हा फॉर्मवर एक रकाना भरायचा राहिला होता: अर्जदाराच्या मालकीची यंत्रसामग्री.

“तसलं काही नाही आमच्याकडे,” बायको म्हणाली.

“आहे, काकू.” साहेबांनी ओळंब्याकडे बोट केले. “आमच्या नोंदीप्रमाणे शंभर टक्के. इंधन?”

“चहा. दिवसातून चारदा.”

“आवाज?”

“सकाळी जास्त.”

“मी सही कुठे करू?” ओळंब्याने विचारले.

“यंत्राची सही लागत नाही,” साहेब काकूंना म्हणाले. “फक्त एक लक्षात ठेवा. यंत्राचा वापर पाटीला अस्तराचा पहिला रंग देण्यापुरता आणि शिडी धरण्यापुरता. अक्षराला ते लावायचं नाही.”

त्याप्रमाणे बासष्ट पाट्या वेळेत पूर्ण झाल्या. ओळंब्याने आरशासारखे अस्तर दिले, शिडी घट्ट धरली आणि मान वर करून पाहत राहिला.

“अगं, तो ‘क’ पडतोय.”

“पडू दे. प्रमाणपत्रात बसतोय ना? तुम्ही शिडी सांभाळा.”

सगळे आटोपल्यावर त्याने एक अपराध केला. त्याच बाजारपेठेतील स्वतःच्या छोट्या दुकानासाठी त्याने एक पाटी स्वतःच्या हाताने रंगवली: ‘येथे अक्षरे काढून मिळतील’. तिसऱ्या दिवशी नोटीस आली. यंत्रनिर्मित फलक तत्काळ उतरवावा. त्याने तो उतरवला आणि दुकानात आतल्या भिंतीवर, दारासमोर, टांगला. बाहेर बायकोने रंगवलेली पाटी लागली.

रस्ता आता प्रसिद्ध झाला आहे. परवा तुम्हीही तेथे गेला होतात. त्या डुगडुगत्या पाटीखाली उभे राहून तुम्ही म्हणालात, “वा! हाताच्या कलेची सर कशालाच येत नाही.” तुमचा फोटो शिडी धरणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाने काढून दिला. फोटो चांगला आला होता. फक्त तुमच्या खांद्यामागे, उघड्या दारातून, आतल्या भिंतीवरची एक सरळ ओळ दिसत होती. छापील काहीतरी मध्येच आले आहे, असे वाटून तेवढा भाग तुम्ही कापून टाकलात.