डोमाजीचा चुलतभाऊ

पांढरकवड्याच्या विश्रामगृहामागच्या मैदानात महिन्यातून एकदा लायसनचा कॅम्प भरायचा. त्या मैदानाच्या अर्धा किलोमीटर अलीकडेच डोमाजी खोब्रागड्यांनी लुना थांबवली आणि मागं बसलेल्या बायकोला म्हटलं, "कांता, उतर."

"काहून? अजून आलं कुठी?"

"शिकाऊ लायसनवर मांगं कोणाले बसवता येत नाही. साहेब वळणावर लपून बसला असन."

"इतक्या थंडीत साहेब कायले लपन?" कांताबाई म्हणाल्या, पण उतरल्या. या माणसाच्या संशयाशी वाद घालण्यापेक्षा पायी चाललेलं बरं, एवढं त्यांना तीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

आता यात डोमाजींचा तरी काय दोष? उभा जन्म कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून गेलेला. बैलबंडीवर दिसतो तो पांढराशुभ्र कापूस खरा नाही, खरा तळाशी असतो, याच ज्ञानावर ज्याचं पोट चाललं त्यानं माणसांवर विश्वास ठेवायचा कसा? दुकानातली साखर असो, पाव्हण्याचं हसणं असो की डॉक्टरची गोळी, सगळीकडे कोपरापर्यंत हात घालून पाहायची त्यांना सवय. पण दोन हजार पाच साल आलं तोवर केंद्रं धडाधड बंद पडली, कापूस व्यापाऱ्यांच्या दारात जायला लागला आणि डोमाजी त्रेपन्नाव्या वर्षी घरी बसले. घरी बसून ते रोज कांताबाईंच्या भाजीची प्रत ठरवू लागले. म्हणून एका जिनिंग कारखान्याच्या मालकानं "गावोगाव फिरून माल पाहून देत जा," असं सांगितलं तेव्हा डोमाजींपेक्षा कांताबाईंनाच जास्त आनंद झाला. मालकाची अट एकच होती. "सोमवारी पक्कं लायसन दाखवा. याच्याआधीचा माणूस बिगर लायसनचा सापडला, अन् कोर्टात चकरा मले माराव्या लागल्या."

डोमाजी अकरा वर्षांपासून लुना चालवत होते. गाडीला गिअर नाही म्हणजे लायसनही लागत नाही, असा त्यांचाच काय, साऱ्या गावाचा पक्का समज. ते लागतं म्हटल्यावर त्यांनी आधी कायद्यावरच संशय घेतला, मग शिकाऊ लायसन काढलं. पन्नाशी उलटलेली, म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेटही जोडलं. त्यावर डॉक्टरनं लिहिलं होतं, 'चष्मा लावूनच गाडी चालवावी.' एवढं सगळं झाल्यावर आज पक्क्या लायसनची टेस्ट होती.

टेबलामागं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा साहेब बसला होता. त्यानं फॉर्म पाहिला आणि मान वर केली.

"डोमाजी खोब्रागडे? उमरखेडच्या केंद्रावर ग्रेडर होते, तेच का हे?"

डोमाजींनी साहेबाच्या छातीवरची पाटी वाचली. राठोड. उमरखेडला किसनसिंग राठोडची बंडी तीन दिवस रांगेत उभी होती. यांनी तिच्यात हात घातला, आतून ओला कापूस काढला आणि बंडी परत पाठवली. "ग्रेडरसाहेब, तुमचं नाव ध्यानात ठेवीन," असं म्हणून किसनसिंग गेला होता. साहेबाचं नाक अगदी किसनसिंगाचंच. बापाचा सूड घ्यायला लेक साहेब होऊन आला, यात डोमाजींना काडीचीही शंका उरली नाही.

"हो, म्हंजे फॉर्म त्याचाच हाय," ते म्हणाले. "मी त्याचा चुलतभाऊ. चौकशीले आलतो."

फॉर्मवरच्या फोटोवर शिक्का असा उमटला होता की एक कान आणि अर्धी मिशी तेवढी दिसत होती. साहेबानं फोटोतला कान पाहिला, समोरचा कान पाहिला आणि फॉर्म बाजूला ठेवला. "मग त्यांनाच पाठवा. चार वाजेपर्यंत आहे मी. आमचे बाबा रोज त्यांचं नाव काढतात."

टेबलापासून दूर आल्यावर कांताबाई म्हणाल्या, "रोज नाव काढते म्हंजे चांगलंच असन."

"मीबी तुया बापाचं नाव रोज काढतो. चांगल्यापायी काढतो का?"

"मंग जा अन् सांगा, मीच डोमाजी हावो."

"अन् सरकारी माणसाशी खोटं बोललो, हे आपल्याच तोंडानं कबूल करू? त्याले तेच पाह्यजे. डायरेक्ट केस करन."

कबूल करता येत नव्हतं आणि घरीही जाता येत नव्हतं, कारण सोमवार चार दिवसांवर होता. तेव्हा आता चुलतभाऊ जाऊन डोमाजी यायला हवा होता. चहाच्या टपरीवाल्या उकंडाची टोपी मागून डोमाजींनी डोक्यावर घातली आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"कसा दिसतो?"

"डोमाजीसारखे."

"ते तं पाह्यजेच. चुलतभावासारखा दिसत नाही ना?"

कांताबाईंनी कपाळाला हात लावला.

"या, डोमाजी," साहेब म्हणाला. "चुलतभाऊ गेले?"

"एस्टीनं गेला. बायको आजारी हाय त्याची."

मागं उभ्या असलेल्या धडधाकट कांताबाईंनी पदर तोंडाला लावला. साहेबानं मैदानाकडे बोट दाखवलं. "त्या चुन्याच्या फक्कीच्या रेषेवरून आठ काढायचा. पाय टेकवायचा नाही."

डोमाजींनी लुना सुरू केली. रेषा कुठं दिसेना. डोळे बारीक केले, मोठे केले, तेव्हा दूर काहीतरी पांढरं दिसलं. हीच रेषा, असं समजून त्यांनी गाडी तिकडे दामटली. ती होती मैदानाच्या कडेला बैल सोडून उभी केलेली कापसाची बंडी. लुना चाकाशी अडली आणि डोमाजी छातीपर्यंत कापसात गेले.

धावत आलेल्या लोकांना वाटलं, माणूस आता कण्हेल. डोमाजींनी मात्र मुठीतला कापूस चिमटीत धरून ताणला, नाकाला लावला आणि जाहीर केलं, "वरून बरा हाय. आतून ओला. वजनापायी पाणी मारलं यानं."

साहेबानं त्यांना हात देऊन उठवलं, अंगावरचा कापूस झटकला आणि वाकून नमस्कार केला. "चुलतभावानं जाताना चष्मा द्यायला हवा होता तुम्हाला."

डोमाजींचा चेहरा उतरला. "साहेब, बापाचा राग काढायचा असन तं एकदाचा काढून टाका."

"राग कसला? त्या कापसावर बाबांनी स्वतःच पाणी मारलं होतं. अख्ख्या केंद्रात ते तुम्ही एकट्यानं ओळखलं. चहाला बोलावलं तर तोही घेतला नाही. मला नोकरी लागली त्या दिवशी बाबा म्हणाले, साहेब झाला तं त्या डोमाजीसारखा हो. समोरचा कितीही चांगला दिसो, तू आपला हात घालून पाहायचं."

डोमाजींचे डोळे भरून आले. साऱ्या नोकरीत शिव्या भरपूर खाल्ल्या होत्या, पण असं कोणी बोललं नव्हतं. ते नाक पुसत असतानाच साहेब खुर्चीवर बसला आणि त्यानं फॉर्मवर ठळक अक्षरात लिहिलं, 'नापास.'

"साहेब?"

"सर्टिफिकेटवर चष्मा लिहिलाय, तो लावला नव्हता. रेषा सोडली. बंडीत गेलात."

"आता लावतो न चष्मा. एक डाव अजून पाहा. सोमवारी नोकरीचा सवाल हाय, साहेब."

साहेबाचा पेन थबकला. त्यानं कांताबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्हीच सांगा. यांनी परत पाठवलेली बंडी कधी दुसऱ्यांदा पाहिली का?"

पाहिली होती म्हणायला काय जात होतं? कांताबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो एवढा साधा, सरळ पोरगा बघत असताना त्यांना खोटं बोलवेना.

"माया सख्ख्या भावाचीबी नाही पाह्यली," त्या म्हणाल्या.

साहेबानं फॉर्म मिटला. "पुढच्या कॅम्पला या."

दोघं लुना ढकलत निघाले. डोमाजी म्हणाले, "पोरगं पक्कं हाय. मालकाले सांगतो, असल्या साहेबानं नापास केलं, महिनाभर थांबा. समजदार असन तं थांबन."

कांताबाईंना बरं वाटलं. नवऱ्याच्या तोंडून परक्या माणसाची तारीफ त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

वळणाशी येऊन डोमाजी एकाएकी थांबले. "कांता, एक सांग. इतके लोक उभे होते, मंग साहेबानं तुलेच काहून विचारलं? त्याची अन् तुया भावाची वळख कवापासून हाय?"

पुढच्या कॅम्पला अजून किती दिवस आहेत, ते कांताबाई बोटांवर मोजू लागल्या.