ओळखू न येणारं कुलूप

“वर्ण गढूळ!” उत्तमराव जगदाळे ओरडले. “अगं नंदा, ही तर आपली मुलगी!”

नंदाताईंच्या हातातलं लाटणं थांबलं. जगदाळ्यांना दोन्ही मुलगेच होते.

पण उत्तमरावांच्या हातात डोंबिवलीच्या ‘मंगलयोग’ विवाह मंडळाच्या यादीचं एक पान होतं. ‘गव्हाळ’चं ‘गढूळ’ ही चूक मात्र इथली, नौपाड्यातली होती. त्यांच्या ‘शुभसंगम’ मंडळाच्या कॉम्प्युटरवर नंदाताईंनीच ती केली होती. म्हणजे शुभसंगमची सगळी स्थळं फ्लॉपीत बसून डोंबिवलीला पोचली होती. शुभसंगमची नोकरी सोडून गेलेली टायपिस्ट मंगलयोगमध्येच लागली होती, तेव्हा स्थळं कुठल्या वाटेने गेली हे विचारायलाच नको.

उत्तमरावांनी भाच्याला बोलावलं. आनंद सॉफ्टवेअर कंपनीत होता.

“मामा, फाइल एन्क्रिप्ट करून टाका,” तो म्हणाला. “पासवर्डशिवाय कुणी उघडली तर नुसता कचरा दिसेल. तयार प्रोग्राम मिळतो. त्याची रीत छापून आलीये, जगभरच्या गणितवाल्यांनी फोडायला बघितली, कुणाला जमलं नाही.”

“छापून आलीये? म्हणजे मंगलयोगच्या त्या दौलत पाष्ट्यालाही कळणार!”

“कळू दे ना. रीत उघडी, पासवर्ड गुप्त. तुम्ही फक्त स्वतःची रीत काढत बसू नका. त्यात भलेभले फसलेत.”

उत्तमरावांनी वर्तकनगरच्या क्लासमध्ये बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकून सर्टिफिकेट मिळवलं होतं, आणि ते हॉलमध्ये लावलेलं होतं. सगळ्या जगाला माहीत असलेलं कुलूप घ्यायला ते काही खुळे नव्हते. त्यांनी स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला.

रीत खरोखर सुंदर होती. नावं जागेवर राहायची. एकाची उंची काही घरं खाली, दुसऱ्याच्या नावापुढे सरकायची, शिक्षण काही घरं वर, आणि आहार, अपेक्षा, पत्रिका अशाच इकडून तिकडे. फाइल दिसायला अगदी खरी. चोराला कुलूप आहे हेच कळणार नाही!

“पण मग आपल्याला कसं कळणार?” नंदाताईंनी विचारलं. “कुलूप लावलंय की काढलंय?”

“मी आहे ना!” उत्तमराव म्हणाले, आणि शुद्ध प्रत उघड्यावर राहू नये म्हणून जुन्या सगळ्या फ्लॉप्या त्यांनी स्वतः पुसून टाकल्या. कागदी फॉर्म तर कॉम्प्युटर आला तेव्हाच रद्दीत गेले होते.

दुसऱ्याच दिवशी ते मेळाव्याचा हॉल ठरवायला गेले असताना नंदाताईंनी नवी स्थळं भरली, आणि कोपरीच्या आवडाबाईंना त्यांच्या गुणाजीसाठी एक छान मुलगी छापून दिली. फाइल कुलूपबंद होती हे कळायला काही मार्गच नव्हता.

आवडाबाई परत आल्या त्या दारातूनच बोलत.

“आवो भाऊ, आमचे घरी ताटान म्हावरा नाय तं जेवान उतरत नाय, आन तुमी कांदापन न खानारी पोरगी दावली! तिची आई तं सुक्या बोंबलाचे वासानीच चक्कर येऊन आरवी झाली!”

“पण आहार मांसाहारी लिहिलंय हो,” नंदाताई यादी दाखवत म्हणाल्या.

“तो तिचा नसंल, कुनाचा तरी दुसरेचा आसंल!”

आवडाबाईंनी रागाच्या भरात अगदी अचूक निदान केलं होतं.

उत्तमरावांनी घाईने कुलूप काढलं. पण मधेच नवी नावं घुसल्यामुळे सगळे हिशेब हलले होते. सहा फुटी फौजी चार फूट दहावर आला. एका डॉक्टरीणबाईंचं शिक्षण ‘नववी नापास’ झालं. अजून उघडलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा उघडलं. मग उलटं करून बघावं म्हणून पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत फाइल किती वेळा उघडली आणि किती वेळा लागली हे त्यांनाही सांगता येईना.

“नवऱ्या मुलाची अपेक्षा, ‘मुलगा निर्व्यसनी हवा’,” नंदाताईंनी पडद्यावरचं वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला. “अहो, रविवारी मेळावा आहे. लोक आपल्या लेकीबाळींची माहिती विश्वासाने देतात आपल्याला.”

उत्तमरावांनी आनंदला फोन लावला.

“शुद्ध प्रत कुठेच नाही?” आनंदने विचारलं.

“नाही रे.”

“मग काही नाही होणार, मामा. असती एखादी कुणाकडे तर...”

तो बोलता बोलता थांबला. उत्तमरावही थांबले. फोनवर दोघांना एकच माणूस दिसला.

उत्तमराव डोंबिवलीला मंगलयोगचा जिना चढले. दौलत पाष्टे खुर्चीत रेलून पान लावत होता.

“तुमच्याकडे,” उत्तमराव चाचरत म्हणाले, “आमच्यासारखीच काही स्थळं आहेत म्हणे.”

दौलतचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी चोरली? माझ्या दारात येऊन आरोप करता?”

“नाही हो! तसं नाही! पण... चोरली असती तर फार बरं झालं असतं.”

उत्तमरावांनी सगळं सांगितलं. दौलतने पानाला चुना लावला. मग त्याने पान बाजूला ठेवलं.

“हे बघा, मी काही घेतलेलं नाही. पण तुमची ती टायपिस्ट येताना काहीतरी घेऊन आली होती खरी. माणुसकी म्हणून देतो एक प्रत.”

“उपकार होतील, दौलतराव.”

उत्तमरावांनी खरोखर हात जोडले. आपलीच फाइल मागायला.

दौलत कॉम्प्युटरकडे वळला आणि मधेच थबकला.

“एन्क्रिप्ट केलीये,” तो म्हणाला. “हल्ली लोकांचा भरवसा नाही, फायली पळवतात. तयार प्रोग्राम टाकून घेतला, आपण कशाला डोकं चालवा? जरा पलीकडे तोंड करता का?”

उत्तमराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाठीमागे कीबोर्डच्या कळा वाजत राहिल्या. पासवर्ड चांगला लांबलचक होता.