अंगणातून स्पितीला

वानखेडे भाऊ दर रविवारी सकाळी सहा वाजता आपल्या अंगणातून हिमालयातल्या स्पितीला निघतात. हिरवी झेंडी दाखवतात, शिट्टी वाजवतात, ड्रायव्हरच्या सीटवर बसतात आणि साडेअकरापर्यंत तिथेच असतात. गाडी तसूभरही हललेली नसते.

त्यांचं घर रायपूरच्या समता कॉलोनीत, आमच्या भिंतीला लागून. भाऊ मालगाडीचे गार्ड होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी स्कूल बस घेतली आणि तिच्यात पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी बसवली. पिवळा रंग तसाच ठेवला. पहाडातल्या धुक्यात दिसेल म्हणून.

"चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात बसलो, काळे बाबू," ते मला म्हणाले होते. "सारा मुलूख मागं जातानाच पाहिला. आता समोरून येताना पाहाचा आहे."

रविवारचा प्रकार म्हणजे सराव. वेळापत्रकातला थांबा आला की भाऊ हँडब्रेक ओढतात, शोभा वहिनी खाली उतरतात, अंगणात चहा होतो, दोघं पुन्हा चढतात. मग भाऊ वहीत लिहितात: राइट टाइम. दूधवाला फाटकातून विचारतो, "भैया, कहाँ तक पहुँचे?" भाऊ घड्याळ पाहून सांगतात, कवर्धा. एकदा मी भिंतीवरून हाक मारली, तर हातानेच थांबवलं. म्हणाले, आत्ता नाही, आम्ही चिल्पीच्या घाटात आहो.

लोक हसतात. मी हसत नाही. इथल्याच एका कार्यालयात मी आयुष्यभर तक्ते तपासत आलो आहे, आणि मिठाचा डबासुद्धा काट्यावर तोलून सामानाच्या यादीत लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

प्रश्न एकच होता: वहिनी निघतील का? दोन वर्षांपूर्वी एका टूरच्या बसमध्ये त्यांच्या गुडघ्यांमुळे दर थांब्यावर सगळे खोळंबले. कोणी काही बोललं नाही, पण एकाने घड्याळ पाहिलं. घरी आल्यावर वहिनींनी सांगून टाकलं की आपल्यापायी कोणाला थांबावं लागणार असेल, तर आपण गावाला जाणार नाही. तेव्हापासून त्या शहरातल्याच तेलीबांध्याच्या तळ्यापलीकडे गेलेल्या नव्हत्या. रविवारी बसमध्ये बसायच्या, कारण ती अंगणातच तर होती. आणि भाऊंचंही ठरलेलं होतं, वहिनी नसतील तर बस अंगणातच राहील.

मे महिन्यात भाऊंनी वेळापत्रक माझ्याकडे तपासायला दिलं. दोन संध्याकाळी बसून मी ते पाहिलं आणि रविवारी सराव आटोपल्यावर त्यांच्याकडे गेलो. वहिनी आत पोहे करत होत्या.

"भाऊ, इथे चूक आहे," मी म्हणालो. "दिवसातून चार वेळा 'इंजिन थंड करणे, वीस मिनिटे'. असे अकरा दिवस. एका बाजूचेच चौदा तास चाळीस मिनिटं झाली. आणि शेवटच्या तीन मुक्कामांना तुम्हीच शेरा लिहिलाय, टाकीतलं पाणी गोठेल. तिथे इंजिन कशाला थंड करता?"

भाऊंनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"हळू बोला ना. पंधरा रविवार झाले, मोजून राहिलो. उतरायले आठ मिनिटं, चढायले बारा. तिचं नाव लिहिलं तर ती येत नाही. इंजिन काही मनाला लावून घेत नाही."

मी पेन काढलं आणि बेरजेखाली 'तपासले, बरोबर' असं लिहून सही केली. कागदावरचं कारण खोटं आहे हे माहीत असून केलेली ही माझी पहिली सही.

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. कागद उघडाच होता. त्यांनी त्या रकान्यावरून सावकाश बोट फिरवलं, पार तळापर्यंत.

"इंजिन लई तापते हो तुमचं."

"हव," भाऊ म्हणाले. "जुनं आहे ना."

वहिनींनी कागदाची घडी करून भाऊंच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "मंग माझं स्वेटर काढा ट्रंकेतून. इंजिन थंड होईस्तोवर मले बाहेर बसा लागन."

भाऊ पोहे तसेच ठेवून उठले. स्वेटर आणलं, काटा आणला, सामानाच्या यादीची वही उघडली. काटा त्यांच्याच हातात होता, पण आकडा मला वाचून सांगावा लागला.