दोन बायांनी उचलायचा स्लॅब

अख्ख्या बदनापुरात मी छाती फुगवून सांगत फिरत होतो, "माझा स्लॅब दोन बाया हसत हसत उचलतील!" उगीच न्हाई! जालन्याच्या लोखंडी कारखान्यांतल्या भट्टीचा टाकाऊ मळ, म्हणजे स्लॅग, वीजकेंद्राची राख, थोडं सिमेंट आणि बुडबुडे आणणारी पावडर. साच्यात ओतलं की इडलीसारखं फुगतं. वजन निम्मं!

खरं सांगू? हे सगळं आईसाठी. आमच्या आईनं, चांगुणाबाईनं, तीस वर्षं बांधकामावर घमेली वाहिली. तिची मान अजून दुखते.

अंगणवाडीच्या छतासाठी स्लॅब तपासायला इंजिनीअर अप्पाराव साहेब येणार होते. पास झाला तर माझ्या नव्या कारखान्याचं पहिलं काम पक्कं! पण नेमकं त्याआधी मला आठ दिवस पुण्याला जावं लागलं.

"आई, स्लॅबवर टाकलेल्या गोणपाटावर रोज पाणी मार. बाकी हात लावू नको."

"बिलकुल न्हाई लावत!"

मी परत आलो तो थेट तपासणीच्याच सकाळी. साहेब हजर, निम्मं गाव हजर. बायको रूपाली आणि शेजारच्या उषाबाई पदर खोचून उभ्या. आई मात्र कोपऱ्यात गप्प. ही बाई झोपेतसुद्धा बोलते, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं!

"उचला!" मी ऐटीत म्हणालो.

स्लॅब हलेना.

"जोर लावा की!"

"लावून राह्यलो की!" रूपालीचा चेहरा टमाट्यासारखा झाला. "तुम्हीच या!"

मी गेलो. माझ्या पाठीतून कट्टकन आवाज आला. साहेब मिशीत हसले, "दोन बाया म्हणाला होतात ना?"

तेवढ्यात आई पुढं आली. "दोघींना कसा उचलंल? आठ गडी बोलव!"

"आई, काय केलंस तू?"

"ठोकून पाह्यलं तं पोकळ वाजलं. म्हणलं, पोराचा माल कमी पडला. मंग वरून चांगला चार बोटं जाड थर दिला. सिमेंट, खडी, बराबर! लोकं म्हन्ले असते, चांगुणाबाईच्या पोरानं सिमेंट खाल्लं!"

मी डोकं धरलं. रागवावं म्हणलं, तर तिच्या हातांना सिमेंटनं पडलेल्या चिरा दिसल्या.

आठ गड्यांनी स्लॅब उचलून दोन ओट्यांवर ठेवला, अन् सगळेच वर चढून नाचले. तडासुद्धा न्हाई!

"मजबूत आहे," साहेब म्हणाले, "पण हलका कुठं आहे? महिन्यानं दुसरा दाखवा. त्याला पाणी मात्र स्वतः मारा." मंग आईकडं वळले, "मावशी, माझ्या घराचं काम चाललंय. मिस्तरी माल मारतात. खुर्ची टाकून नुसतं लक्ष ठेवायला याल का?"

तर मंडळी, पहिलं काम मिळालं. आईला! मी रोज सकाळी तिला गाडीवर सोडायला जातो, आणि ती मागून ओरडते, "जल्दी चल, बाबा! तुझ्यासारखे कमी माल टाकणारे लई हायेत तिथं!"